पाणी कमी, तर फड कमी

धुळे जिल्हा. पांझरा नदी. पात्रात हा दगड-चुन्याचा जुना बंधारा. त्याच्या माथ्यावरून पाणी सांडतंय म्हणून तो फुटका वाटेल, पण तो बांधलाच तसा आहे. नदी अडवायची नाही. आपल्यापुरतं पाणी पाटात वळवायचं आणि उरलेलं खालच्या बंधाऱ्याला जाऊ द्यायचं.

ही खानदेशातली फड पद्धत. वय तीनेकशे वर्षं तरी. पाटातून चारी, चारीतून सारंग, सारंगातून वावर. मोटार नाही, इंजिन नाही. पाणी उतारानं चालतं.

शिवाराचे फड, म्हणजे मोठे पट्टे, पाडलेले. एका फडात एकच पीक. यंदा इथे ऊस, तिथे भात, पलीकडे गहू, पुढे फेरपालट. पाणी सोडतो पाटकरी. फावड्यानं मातीचा तोंडबांध कापायचा, वावर भिजलं की त्याच चिखलानं बुजवायचा. वावराच्या मालकानं फावड्याला हात लावायचा नाही. पाटकऱ्याची मजुरी पिकातून.

खरी गंमत टंचाईच्या वर्षी. पंच बसतात, नदीकडे बघतात आणि ठरवतात: यंदा इतकेच फड भिजतील. अनेकांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असल्यानं झळ वाटली जाते. पाणी कमी, तर फड कमी. शाश्वत विकासावर कितीही परिसंवाद घ्या, एवढं सोपं वाक्य तिथे क्वचितच ऐकू येतं.

अर्थात हे रामराज्य नव्हतं. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला. ज्याला जमीन नाही, त्याला पाळीही नाही.

आता तापीकाठी या. रावेर, यावल. केळीच्या बागा, प्रत्येक ओळीत ठिबकची नळी. ठिबकनं झाडामागचं पाणी वाचतं, हे खरंच. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागते, आणि बोअर खोल जात राहते. किती एकर पुरे, हे ठरवायला इथे पंच बसत नाहीत. भूगर्भातलं पाणी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते ज्याच्या बोअरला लागेल त्याचं. नळी कितीही चांगली असली, तरी ती हा हिशोब करत नाही.

पांझरेवरही दिवस बदलले. वर धरणं झाली, फडाफडात विहिरी आल्या. काही बंधारे अजून चालतात. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यायचा, हा नियम. पण ज्याच्या विहिरीवर मोटार बसली, तो पाटात उतरायला कशाला येईल?