एक काडी जास्त

(टेबलावर काड्या, कॅमेरा वरून)

हे बघा, ४ काड्या, एक चौरस. आता त्याला चिकटून दुसरा चौरस करायचाय, तर नव्या ४ काड्या लागत नाहीत, ३ मध्ये काम होतं, कारण मधली काडी दोघांची एकच आहे. मग तिसरा, मग चौथा... ४, ७, १०, १३, दरवेळी ३ ची भर. हीच अंकगणिती श्रेढी, पहिलं पद ४ आणि कॉमन डिफरन्स ३.

वर्गात एवढंच विचारलं, असे १० चौरस ओळीत केले तर काड्या किती लागतील?

(तीन वह्या, क्लोजअप)

पहिल्या वहीत ४०. दुसऱ्या वहीत ३४. तिसऱ्या वहीत ३१.

बरोबर उत्तर ३१ आहे, पण कॅमेरा आम्ही मुद्दाम ३४ वर ठेवलाय. ४० लिहिणाऱ्याने मधल्या काड्या दोनदोनदा मोजल्या, ते हातात काड्या घेतल्या की त्याचं त्यालाच दिसतं. ३४ वालीचं तसं नाही, तिला श्रेढी कळलेली आहे, ४ ने सुरुवात, ३ ची भर, सगळं बरोबर, फक्त १० चौरस म्हणजे १० वेळा भर असं तिनं धरलं. पण पहिला चौरस तर आधीच टेबलावर होता ना, म्हणजे भर पडली ९ वेळा. ४ अधिक ९ गुणिले ३. शेवटचं पद काढायच्या सूत्रातला 'एन वजा एक', म्हणजे पदांच्या संख्येतून एक कमी, तो म्हणजे हे ९, बाकी काही नाही. आणि आपण काय करतो, लाल पेनने फुली मारतो आणि सांगतो, सूत्र पाठ कर.

(काड्या हळूहळू मांडणारे हात)

आता ३१ वाला मुलगा बघा, त्यानं सूत्र वापरलंच नाहीये. आधी एक उभी काडी ठेवली, मग प्रत्येक चौरसाला ३. एक अधिक १० गुणिले ३. याच्या वहीत 'वजा एक' कुठेच नाही, तरी उत्तर तेच, कारण त्यानं मोजायला सुरुवातच वेगळ्या जागेपासून केली. आमचं म्हणणं आहे की ही रीत त्याला फळ्यावर मांडू द्या, पूर्ण गुण द्या.

(जुन्या पोथीचं पान)

हा वजा एक आजकालचा नाही बरं का. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे इसवी सन ११५० च्या आसपास, श्रेढीच्या नियमाचा पहिलाच शब्द आहे 'व्येकपद', पदांच्या संख्येतून एक कमी करून. त्याला चयाने, म्हणजे भरीने गुणा, मुख म्हणजे पहिलं पद मिळवा, की अंत्यधन आलं, शेवटचं पद. आणि सगळ्यांच्या बेरजेला नाव वेगळं, सर्वधन. आपल्याकडे मुलं 'दहावं पद' आणि 'दहा पदांची बेरीज' यात सारखी गोंधळतात, विचारलेलं असतं एक आणि काढून ठेवतात दुसरं, तर ही जुनी नावं वर्गात नुसती उच्चारली तरी फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

(दोन पट्ट्या एकमेकींकडे सरकवतात)

हा शॉट नीट बघा. १० चौरसांना ३१, मग २० चौरसांना किती? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला ६२. दुप्पट चौरस, दुप्पट काड्या. आम्ही वाद घातला नाही, १० ची एक पट्टी आणि १० ची दुसरी पट्टी घेऊन जोडायला सांगितलं. जोडली... आणि जोडावर दोन काड्या एकावर एक आल्या. एक उचलावी लागली. ६१. कोणी काही बोललं नाही, ती काडी मात्र हातोहात फिरत राहिली.

(ठोकळ्यांचा जिना)

बेरजेकडे येऊ. ४, ७, १०, १३, १६ ठोकळ्यांचे ५ उभे खांब. पहिला आणि शेवटचा मिळून २०, दुसरा आणि चौथा २०, आणि मधला? एका मुलीने विचारलं, ५ खांबांच्या अडीच जोड्या कशा होणार? बेरजेच्या सूत्रात एन भागिले दोन आहे म्हणून तिला वाटलं की विषम पदं असली तर ते चालतच नाही. मग असाच दुसरा जिना केला आणि उलटा करून पहिल्यावर बसवला, ५ खांब, प्रत्येक २० उंच, १०० ठोकळे. त्यातला एक जिना आपला, म्हणजे ५०. जोड्या लावायच्याच नव्हत्या, दोन जिन्यांमधला एक घ्यायचा होता, आणि ते भागिले दोन तिथून येतं.

बाकी चुका पटापट सांगतो. ३१, २८, २५ अशी उतरती श्रेढी दिली की कॉमन डिफरन्स उणे ३ न लिहिता नुसता ३ लिहितात. २, ४, ८ मध्ये पहिला फरक बघतात, पुढचा तपासतच नाहीत आणि तिला अंकगणिती श्रेढी म्हणतात. ५, ५, ५ ला श्रेढी मानत नाहीत, तिथे फरक शून्य आहे तरी. यात मार्क जातात, काही जण तर इथेच गणित सोडून देतात.

(रिकामं टेबल, काड्यांचे ढीग)

शेवटचं गणित. २०, १८, १६ असे उतरते ढीग लावत जायचे, एकूण ११० काड्या व्हायला किती ढीग लागतील? बेरजेच्या सूत्रातून वर्गसमीकरण आलं, ते सोडवलं, उत्तरं आली १० आणि ११. मुलांनी ११ खोडलं, कारण दोन उत्तरं आली की एक टाकायचं ही सवय लागलेली आहे. मग ढीग लावायला घेतले. दहाव्या ढिगात २ काड्या, एकूण बरोबर ११०. आणि अकराव्या जागी ती ३४ वाली मुलगी रिकामा तळहात ठेवते.

शून्य काड्या. ढीग अकरावा.