भरूचच्या वाटेवरचं उधाण

बडोदेकर श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय शेजारच्या भरूचबद्दल. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक व्यापारी त्याला बारिगाझा म्हणत. इजिप्तहून जुलैत निघायचं, नैऋत्येचा वारा पाठीशी घ्यायचा आणि समुद्र पार करायचा. खरी परीक्षा पुढे, नर्मदेच्या मुखाशी.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ती सगळी हकिगत आहे. खंभातच्या आखातात भरती अशी घुसते की नांगर धरत नाही. अमावास्येच्या रात्री आधी लांबून सैन्याच्या आरोळ्यांसारखा आवाज येतो आणि मागोमाग पाणी. मोठं जहाज प्रवाहात आडवं होतं, वाळूच्या दांड्यावर चढतं आणि फुटतं. लहान होडी तर उलटतेच. ओहोटीला, जिथून आत्ता जहाज गेलं तिथेच कोरडा तळ उघडा पडतो.

म्हणून राजानं स्थानिक कोळी चाकरीला ठेवले होते. हा राजा बहुधा पश्चिम भारतातला शक राजा, क्षत्रप नहपान. ‘त्राप्पागा’ आणि ‘कोटिंबा’ नावाच्या मोठ्या नावा घेऊन हे कोळी पार सौराष्ट्रापर्यंत जहाजांना सामोरे जात, दांडे चुकवत त्यांना आत आणत आणि नदीतून ओढत वर नेत. भरती लागली की निघायचं, ओहोटी लागली की नदीतल्या खोल डोहात नांगरून थांबायचं. परत सांगतो: भरतीला चालायचं, ओहोटीला डोहात थांबायचं. असं टप्प्याटप्प्यानं 300 स्टेडिया, म्हणजे पन्नासेक किलोमीटर वर गेलं की भरूचचा धक्का.

आपल्याकडे मात्र जुना व्यापार म्हटला की मुलांना रेशीम आणि उंटच शिकवतात. या कोळ्यांवर एक धडा घातला तर काय बिघडेल? असो.

जहाजांतून उतरायचं मद्य, त्यातही इटलीचं पहिल्या पसंतीचं. शिवाय तांबं, कथील, शिसं, पोवळं. परत जाताना चढायचं सुती कापड, हस्तिदंत, पिंपळी, अकीक. हा माल उज्जैनहून येई, तसाच पैठण आणि तेरहूनही. भरूचपासून पैठण वीस दिवसांवर, तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवस. आणि सगळा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. आपल्या बडोद्यातल्या अकोट्याच्या उत्खननातही इरोसची आकृती असलेली रोमन कांस्याची मूठ निघाली आहे.

रोमन सोन्या-चांदीची नाणी भरूचला मोडली की वर नफा सुटे. बाजारात मिनँडर या हिंदी-ग्रीक राजाचे जुने द्रम्म, म्हणजे चांदीची नाणीही चालत. तो राजा मरून दीडशेहून जास्त वर्षं झाली होती, पण सराफाला मतलब चांदीशी.