जात्याखालचं लाकूड

नमस्कार श्रोतेहो.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, मागच्या चौकात, गेले 17 दिवस एक मोठा टब पाण्याने भरून ठेवलाय. त्यात पेरूची, म्हणजे आपण बडोदेकर ज्याला जामफळ म्हणतो त्या झाडाची, एक वाकडीतिकडी फांदी आहे. ती वर येऊ नये म्हणून तिच्यावर सासूबाईंच्या जात्याचा खालचा दगड ठेवलाय. ही फांदी माझ्या माशांच्या टाकीत जायची आहे. आज त्या तयारीबद्दलच बोलणार आहे. पाणवनस्पतींची टाकी लावणारी मंडळी माती, दिवे, खत यांचा महिनोन्महिने विचार करतात, आणि लाकूड मात्र आणलं, धुतलं, ठेवलं. मीही तेच केलं होतं.

सहा वर्षं झाली. पावसाळा संपता संपता एका बागेच्या कडेला छाटलेल्या फांद्यांचा ढीग दिसला. त्यातला एक बुंधा मला फार आवडला. साल तशीच ठेवून नळाखाली धुतला आणि टाकीत ठेवला. तिसऱ्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं झालं. पाचव्या दिवशी साल सुटली; खाली लाकूड काळं, मऊ, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. संध्याकाळपर्यंत 11 निऑन टेट्रा गेले. कुजणारं लाकूड पाण्यातला प्राणवायू खातं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या माशांचं आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिली परीक्षा नखाची. लाकडावर अंगठ्याचं नख जोरात दाबा. नख आत रुतलं तर ते लाकूड चुलीत घाला, टाकीत नको. लाकूड टणक हवं, पूर्ण वाळलेलं हवं. ओली फांदी असेल तर आपल्या वैशाख-जेठातल्या गच्चीसारखी भट्टी दुसरी नाही. एक उन्हाळा तिला तिथे राहू द्या. साल मात्र पूर्ण काढायची. चीड-देवदारासारखी राळ असलेली लाकडं नकोत. कण्हेर, थोर, रुई ही विषारी, चिकाची झाडं तर नकोतच. कडुनिंबही मी टाळते. त्याचा पाला आपण धान्यात घालतो तो कीड लागू नये म्हणून, आणि टाकीतली इवलीशी कोळंबी ही किड्यांचीच नातलग. पॉलिश लावलेल्या जुन्या फर्निचरचे तुकडे वापरू का, असं मला विचारतात. नका वापरू.

आणखी एक, जरा कळकळीने सांगते. विश्वामित्रीच्या काठी लाकूड शोधायला जाऊ नका. पूर ओसरल्यावर तिथे सुंदर आकाराचे ओंडके अडकलेले दिसतात, हे खरं. पण त्या नदीत मगरी आहेत, आणि काठावर ऊन खात पडलेली मगर लांबून ओंडक्यासारखीच दिसते. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्तीत आल्या होत्या, ते आपण पाहिलंय. शिवाय शहराचं सांडपाणी प्यालेलं लाकूड कितीही उकळलं तरी त्यात काय मुरलंय ते सांगता येत नाही. त्यापेक्षा दुकानातून किलोवर मिळणारं ड्रिफ्टवुड, म्हणजे टाकीत ठेवायचं लाकूड, घ्या. मोपानी हे आफ्रिकेतलं लाकूड जड असतं, लवकर बुडतं, पण रंग खूप दिवस सोडतं. स्पायडरवुडच्या फाटे फुटलेल्या मुळ्या दिसायला देखण्या, पण हलक्या. त्या कित्येक आठवडे तरंगत राहतात.

आता उकळणं. आधी ताठ ब्रशने, नुसत्या पाण्यात घासून घ्या. साबण अजिबात नको. लाकूड तो शोषतं आणि नंतर टाकीत सोडतं. मग मोठ्या पातेल्यात पूर्ण बुडवून तासभर उकळा, पाणी फेका, पुन्हा उकळा. किड्यांची अंडी, बुरशी यांचा बंदोबस्त होतो आणि लाकडात अडकलेली हवा निघून पाणी शिरायला वाट मिळते. मात्र आपल्या जुन्या घरांतून तांब्याचे हंडे असतात, आकाराने अगदी सोयीचे, ते यासाठी वापरू नका. लाकडाच्या आंबट अर्कात तांबं थोडं थोडं उतरतं, आणि कोळंबी नि गोगलगाई यांना तांबं जरासुद्धा सोसत नाही. स्टीलचं पातेलं घ्या. लाकूड पातेल्यात मावत नसेल तर टबात ठेवून वरून उकळतं पाणी ओता. ओव्हनमध्ये मात्र भाजू नका, पेट घेईल. आणि रोज रोजही उकळू नका; त्याने लाकूड भुसभुशीत होतं.

उकळल्यावर भिजवणं. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं. पहिल्या आठवड्यात ते चहासारखं निघतं, मग फिकट पिवळं, मग जवळजवळ स्वच्छ. हा रंग टॅनिनचा. बाभळीच्या सालीत, हिरड्यात असतं तेच. त्यानेच चामडं कमावतात. हे विष नाही. फायटर मासे पाळणारे टाकीत मुद्दाम देशी बदामाची वाळकी पानं घालतात, ती त्यासाठीच. निऑन टेट्रांची भावंडं शोभावीत अशी कार्डिनल टेट्रा तर ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या रिओ निग्रोसारख्या काळ्या पाण्याच्या नदीतलीच. टॅनिनने पाणी किंचित आम्ल होतं, पण बोअरचं जड पाणी असेल तर फरक जाणवतही नाही. मग काढायचं कशाला? तर रंगीत पाणी उजेड अडवतं, आणि तळाशी लावलेल्या नाजूक वनस्पतींना तोच उजेड हवा असतो. थोडा रंग राहिलाच तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा.

लाकूड टाकीत गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यावर पांढरट, सायीसारखा बुळबुळीत थर चढतो. इथे पुष्कळ लोक घाबरतात आणि सगळी टाकी रिकामी करतात. कृपा करून तसं करू नका. लाकडात उरलेल्या शर्करेवर जिवाणू आणि बुरशी पोसल्या जातात, त्यांचा तो थर. कोळंबी आणि गोगलगाई तो आवडीने खातात. फार झाला तर नळीने ओढून घ्या. साधारण तीन-चार आठवड्यांत आपोआप जातो. काळा डाग आणि कुजका वास मात्र वेगळा; तो आला तर त्याच क्षणी लाकूड बाहेर.

मग येतो माझा सगळ्यात लाडका भाग. अनुबियास आणि जावा फर्न या पाणवनस्पतींना माती लागत नाही, लाकूड लागतं. त्यांचं आडवं खोड असतं, आपल्या आल्यासारखं. ते मातीत पुरलं तर सडतं. म्हणून ते फांदीच्या बेचक्यात टेकवायचं आणि काळ्या सुती दोऱ्याने अलगद बांधायचं. दोरा काही आठवड्यांत पाण्यात विरतो, तोवर मुळांनी लाकूड धरलेलं असतं. जावा मॉस हे शेवाळही तसंच, पण पातळ पसरायचं. जाड गोळा बांधला की आतून पिवळा पडतो. अनुबियासचं एक नवं पान यायला दोन-तीन आठवडे लागतात. माझ्या जुन्या लाकडावर तिने पाण्याखालीच एक पांढरं फूल दिलं होतं, तेव्हा शेजारच्या मुलांना मी हाका मारून बोलावलं होतं.

आज सकाळी टबातलं पाणी बदललं. रंग लिंबाच्या सरबताइतका फिका आलाय. जात्याचा दगड उचलून पाहिला. फांदीचा जाड भाग तळाशी बसला, पण बारीक टोक अजून दोन बोटं वर येतं. दगड परत ठेवला आहे. येत्या रविवारी पुन्हा उचलून पाहीन.

नमस्कार.