सांध्यावर कान

(दृश्य: आयर्विन पुलाखालची कृष्णा, सकाळचं ऊन. मग एक शटर वर जातं.)

सांगली-मिरज रस्त्यालगतचं हे बॉक्सचं वर्कशॉप. प्लायवूडचा भुसा, कार्पेटचे तुकडे, पालथे पडलेले 18 इंची स्पीकर. मिरवणुकीचे बॉक्स इथे बांधले जातात. लोक त्याला डॉल्बी म्हणतात. त्या नावाच्या कंपनीशी याचा काही संबंध नाही, पण सातारा-सांगलीत शब्द रुळला तो रुळलाच.

आज भाड्याचं काम नाही. टेबलावर गुण द्यायला एक अल्बम आहे. ड्रम अँड बेसचा, म्हणजे वेगवान ड्रम आणि खोल बेसच्या नाचाच्या संगीताचा, लाइव्ह मिक्स, एका डीजेनं गर्दीसमोर एका दमात वाजवलेला. कव्हर कागदानं झाकलंय. नाव दिसलं की कान आधीच निकाल लावून मोकळे होतात. ऐकणारे तिघे: बॉक्स बांधणारा, मिरवणुकीत मिक्सर सांभाळणारा आणि एक तबलजी.

(दृश्य: स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, अगदी जवळून. टर्मिनलला टेकणारा सेल.)

पहिली परीक्षा बॉक्सची. दीड व्होल्टचा साधा सेल. प्लसला प्लस, मायनसला मायनस, क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर आला तर ठीक, आत गेला तर तारा उलट्या. दोनपैकी एकाच बॉक्सच्या तारा उलट्या असतील तर एक कोन हवा ढकलतो तेव्हाच दुसरा ओढतो. बेस मधल्यामध्ये मरतो आणि खापर फुटतं अल्बमवर.

मग खुर्च्या. खोली 13 फूट लांब. एवढ्या लांबीत 43 हर्ट्झच्या आसपासचा स्वर भिंतींमध्ये अडकून घुमतो. भिंतीला टेकून बसलं तर तो नको इतका मोठा, मधोमध बसलं तर जवळजवळ गायब. या संगीताचा बेस वावरतो तो नेमका 40 ते 60 हर्ट्झमध्ये. म्हणून खुर्च्या मध्यापासून मागे सरकवल्यात, पण भिंतीपासून हातभर लांब.

पेन ड्राइव्हवरची फाईलही बदलली. आधीची 128 केबीपीएसची एमपी3 होती. तिच्यात झांजा पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या येतात. शिवाय एमपी3 च्या दोन्ही टोकांना बारीकशी शांतता चिकटते. गाण्यागणिक वेगळी फाईल असली की दर सांध्याला, म्हणजे एका गाण्याला दुसरं जोडलं जातं तिथे, ठेच लागते, आणि ती ठेच डीजेची नसते. आता आहे ती अख्खी, एकसंध वेव्ह फाईल.

(दृश्य: तबलजीचा हात मांडीवर. बोटं, पेरं.)

वेग मिनिटाला 174 मात्रा. ऐकताना धाप लागते. तबलजीचा हात मात्र निवांत पडतो आहे, निम्म्या लयीत, 87 ला. ठाय आणि दुगुन एकाच वेळी चालू आहेत: बेस ठायीत, ड्रम दुगुनीत. ड्रमचा हा साचा अमेरिकेतला. 'द विन्स्टन्स' या बँडच्या 1969 सालच्या 'आमेन, ब्रदर'मधला ड्रमर ग्रेगरी कोलमनचा तुकडा, चार बार, जेमतेम सहा-सात सेकंद. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये तो वेग वाढवून, चिरून, पुन्हा जुळवून वाजवला गेला.

चार बार म्हणजे 16 मात्रा. तीनतालाचं एक आवर्तन, असं तबलजी मोजतो. सोळा बार म्हणजे चार आवर्तनं, घड्याळात 22 सेकंद. गाण्यात नवं काही आलं तर ते बहुतेक या टप्प्यांवरच येतं. डीजेनं पुढचं गाणं भलत्याच बारवर सोडलं तर लय जुळूनही ते कानाला टोचतं. ठेका बरोबर आणि सम चुकलेली, असा प्रकार.

(दृश्य: कागदावर उभ्या रेघा. पेन थांबतं, पुढे जातं.)

हा कागद म्हणजे गुणपत्रिका. गाणी कशी आहेत याला इथे रकानाच नाही. गाणी दुसऱ्यांची असतात, डीजेचे असतात ते सांधे. पहिली फेरी हळू आवाजात, कारण मोठ्या आवाजात बेस आणि झांजा कानाला आपोआप भरगच्च वाटतात आणि वाईट सांधाही खपून जातो.

सांधा सुटतो कसा? एक रेकॉर्ड 174 वर, दुसरी 174.2 वर. फरक नगण्य वाटतो. पण 22 सेकंदांत दुसरी 25 मिलिसेकंदांनी पुढे गेलेली असते आणि स्नेअर ड्रमच्या एका टोल्याचे दोन होतात. टक्‌ऐवजी टर्रक्‌. आणखी सोडलं तर टोले घोड्याच्या टापांसारखे पडतात. कसलेला डीजे टर्रक्‌ व्हायच्या आत बोटानं प्लॅटर, म्हणजे फिरती तबकडी, जरासा दाबतो. ती दुरुस्ती ऐकू येते, स्वर किंचित खाली लवतो. मिक्सरवाला इथे गुण कापत नाही, उलट अर्धा वाढवतो. माणूस वाजवत होता याचा तो पुरावा. सिंकचं, म्हणजे वेग आपोआप जुळवणारं, बटण दाबून वाजवलेल्या मिक्समध्ये असा सांधा सुटतच नाही, मग गुण द्यायचे ते निवडीला आणि वेळेला.

आता दुसरी फेरी, मोठ्या आवाजात.

(दृश्य: कोनवर टाकलेले तांदळाचे दाणे नाचतात. हे दृश्य पूर्ण चालू द्यावं.)

हे बेसचं भांडण. एका गाण्याचा बेस 43.6 हर्ट्झवर, दुसऱ्याचा 46.2 वर, एका अर्धस्वराचं अंतर. दोन्ही एकदम सोडले की सेकंदाला अडीच-पावणेतीन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. त्यामुळे नवं गाणं आत घेताना त्याचा लो, म्हणजे बेसचा भाग, आधीच तोडलेला असावा लागतो आणि समेवर अदलाबदल: जुन्याचा लो खाली, नव्याचा वर, एकाच झटक्यात. हात अर्धा बार उशिरा आला की बॉक्स गुरगुरतो. बॉक्सवाल्याला हे कानाआधी पोटात कळतं.

ड्रॉप म्हणजे रोखून धरलेले बेस आणि ड्रम एकदम कोसळतात तो क्षण. दोन्ही गाण्यांचे ड्रॉप एकाच समेवर आणले तर त्याला डबल ड्रॉप म्हणतात. इंग्लंडचा डीजे अँडी सी त्यासाठी प्रसिद्ध आहे. जमला तर ठीक, पण दर पाच मिनिटांनी केला तर चमचाभर हळद पुरे असताना मूठ टाकल्यासारखं होतं. या अल्बमात तीन आहेत. दोन पास.

राहिला 'लाइव्ह' हा शब्द. गर्दीचा माइक स्पीकरपासून 10 मीटरवर असेल तर त्यात आवाज सुमारे 29 मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो तसाच मिसळला की सगळे टोले दुहेरी. मग नीट जुळलेला सांधाही सुटल्यासारखा वाटतो. इथे तो मागेपुढे करून बसवलाय, काम स्वच्छ आहे. पण शिट्टी? तबलजीनं हात वर केलाय. तीच शिट्टी, तोच ओरडा, दोन वेगवेगळ्या ड्रॉपवर. मागे घेऊन तीनदा ऐकलं. चिकटवलेली गर्दी.

(दृश्य: रस्ता, रात्र. घड्याळ.)

रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावायला नियमानं बंदी आहे, आणि या धंद्यात कानाला दडे बसलेले लोकही आहेत.

(दृश्य: पुन्हा वर्कशॉप. शटर अर्धं खाली, आत दिवा.)

बेरीज अजून व्हायची आहे. लयीला पैकीच्या पैकी. बेसच्या अदलाबदलीत दोन ठिकाणी हात उशिरा, तिथे दोन गुण गेले. शिट्टीचे किती कापायचे यावर मात्र एकमत नाही. तबलजी म्हणतो, पाच. मिक्सरवाला म्हणतो, डीजेचा काय दोष, ते संपादनात झालं. बॉक्सवाला काही बोलत नाही, त्यानं फाईल पुन्हा त्या ड्रॉपवर आणून ठेवली आहे.