सनद कपाटात, तारीख डायरीत

परशुराम घाट चढून खेडच्या दिशेने निघालं की लोटे लागतं. रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी. नाकाला आधी कळतं, पाटी नंतर दिसते. इथल्या एका कंपनीचं लीगल डिपार्टमेंट म्हणजे एक मॅडम, दोन कपाटं आणि एक डायरी.

मॅडमकडे वकिलीची सनद होती. नोकरी धरली तेव्हा स्थगित करावी लागली, कारण बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी माणसाला वकिली करता येत नाही. त्यामुळे फाईलचं पान न् पान पाठ असूनही कोर्टात त्या मागच्या बाकावर. वकीलपत्र दुसऱ्याचं.

३१ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधलं वकील-अशील गोपनीयतेचं संरक्षण कंपनीच्या पगारी वकिलाला नाही; कायदेशीर सल्लागाराशी झालेल्या गोपनीय बोलण्यापुरता कलम १३४ चा मर्यादित आडोसा तेवढा आहे. नाजूक विषयावरचा सल्ला मॅडम आता बाहेरच्या वकिलाकडूनच लेखी घेतात.

बाहेरचे वकीलही एका गावात नाहीत. दिवाणी दावे खेडला, प्रदूषणाचं प्रकरण पुण्याच्या हरित लवादात. हायकोर्टाचं काम मुंबईच्या फर्मकडे असायचं. १८ ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग तिकडे गेले, आणि फायली नव्याने वाटायची वेळ आली.

मुंबईची फर्म तासावर बिल लावते. ‘ईमेल वाचला’ ही एक ओळ, ‘ईमेलला उत्तर दिलं’ ही दुसरी. मॅडम पेन्सिलीने खुणा करत बसतात. खेडचे वकील तारखेमागे पैसे घेतात. त्यांच्याकडे उलट बिलासाठी तगादा लावावा लागतो, कारण ऑडिटरला कागद हवा.

पण जमिनीचा विषय निघाला, की आमच्या मते तराजू खेडकडेच झुकतो.

कंपनीने रस्त्यासाठी एक तुकडा घेतला. सातबाऱ्यावर पंचवीस नावं, हिस्से आणे-पैत, निम्मे हिस्सेदार चाकरमानी, दोघे मयत आणि वारसनोंद नाही. मुंबईहून जाडजूड ओपिनियन आलं. खेडच्या वकिलांनी एवढंच विचारलं, “मॅडम, धाकट्या घरातल्या आत्याची सही घेतलीत काय?”

घेतली नव्हती. आत्याचं नाव सातबाऱ्यावर चढलंच नव्हतं.

आत्या मनाई हुकूम मागतील म्हणून कॅव्हेट लावून ठेवलंय, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा कोर्टात अर्ज. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा लावायचं. दावा झालाच तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची. कोर्टाने मुदत वाढवली तर फार तर ९०. डायरीत कॅव्हेट संपायच्या तारखेला लाल गोल आहे.

वकील म्हणतात, घाई नको. गणपतीला आत्या माहेरी येतील, तेव्हा घरी जाऊन बसू. मॅडमनी आत्याच्या हिश्श्याच्या खरेदीखताचा मसुदा करून ठेवलाय. किमतीची जागा अजून रिकामी आहे.