किश्वार्दाचा गाण्याचा मास्तर

मंडळी, हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यात किश्वार्दा नावाचं एक छोटंसं गाव आहे. संगीताच्या इतिहासात त्याला तसं काहीच स्थान नाही. पण १९२९ साली झोल्तान कोदाय या हंगेरियन संगीतकाराने मुलांच्या गायनवृंदांवर एक लेख लिहिला आणि त्यात या गावाचं नाव घेतलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ऑपेराचा संचालक कोण आहे यापेक्षा किश्वार्दाच्या शाळेत गाणं कोण शिकवतो, हे जास्त महत्त्वाचं. संचालक वाईट निघाला तर लोक त्याला लवकरच घरी बसवतात. मास्तर वाईट निघाला तर तो तीस वर्षं नोकरी करतो आणि मुलांच्या तीस तुकड्यांच्या मनातली गाण्याची आवड मारून टाकतो.

हे लिहिणारा माणूस तेव्हा कोण होता, ते पाहा. बुडा आणि पेस्ट ही शहरं एक झाली त्याला १९२३ साली पन्नास वर्षं झाली, आणि त्या समारंभासाठी कोदायने ‘साल्मुस हुंगारिकुस’ हे मोठं वृंदगान लिहिलं होतं. त्या एका कृतीने त्याचं नाव युरोपभर गेलं. बुडापेस्टच्या संगीत अकादमीत तो प्राध्यापक होता. असा माणूस तालुक्याच्या गावातल्या शाळामास्तराबद्दल लेख लिहितो, हे त्या काळात विचित्रच वाटलं असणार. संगीतकाराने सिंफनी लिहावी, मुलांच्या गाण्यात वेळ का घालवावा, असं आजही आपल्याकडे म्हणतातच की.

हल्ली मुंबई-पुण्यात ‘कोदाय मेथड’च्या, म्हणजे मुलांना गाणं शिकवायच्या त्याच्या नावाच्या पद्धतीच्या, कार्यशाळा होतात. शिक्षक स्वर दाखवायला मुठी वळतात, बोटं वर करतात, ‘ता ता ती-ती ता’ म्हणत टाळ्या वाजवतात. मजा येते, मुलंही खूश. माझी कुरकुर एवढीच आहे, की यातलं जवळपास काहीच मूळचं कोदायचं नाही. ‘ता’ आणि ‘ती-ती’ फ्रान्समधल्या एमिल शव्हेच्या पद्धतीतून आले. हाताच्या खुणा जॉन कर्वेन नावाच्या इंग्रज पाद्र्याच्या. आणि कर्वेननेही पाया दुसऱ्याच कुणाचा घेतला होता. त्या बाईंबद्दल दोन मिनिटं बोलतो, कारण कार्यशाळेत त्यांचं नाव कुणी घेत नाही.

सेरा ग्लोव्हर. इंग्लंडमधलं नॉरिच हे तिचं गाव. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. मुलींना प्रार्थनागीतं शिकवायची होती आणि पाच रेषांवरची स्वरलिपी पाहून मुली घाबरत होत्या. तिने रेषा काढून टाकल्या आणि स्वरांची नुसती आद्याक्षरं ठेवली. षड्ज कुठल्याही पट्टीचा असो, त्याचं नाव ‘दो’च. हे आपल्याला सांगायला नकोच. आपला सा पांढरी एकमध्येही सा आणि काळी चारमध्येही साच असतो. युरोपात मात्र बऱ्याच देशांत ‘दो’ म्हणजे पियानोवरची एक ठरावीक पट्टी, ती हलत नाही. ग्लोव्हरने ‘दो’ला चालता केला. १८३५ साली तिचं पुस्तक आलं.

कर्वेनचं असं, की त्याला स्वतःला नीट गाता येत नव्हतं. १८४१ साली इंग्लंडमधल्या हल या शहरात रविवारच्या शाळांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. तिथे त्याच्यावर काम सोपवलं गेलं, की सामान्य माणसांना गाणं शिकवायची सगळ्यांत सोपी पद्धत शोधून काढ. त्याने ग्लोव्हरबाईंची पद्धत उचलली, त्यांना न विचारताच तीत फेरफार केले आणि देशभर पसरवली. बाईंना त्यातले बरेच बदल रुचले नाहीत. पण पसरली ती कर्वेनचीच, आणि त्याचं एक अगदी व्यवहारी कारण आहे. ही लिपी साध्या छापखान्यात, अक्षरांच्या साध्या खिळ्यांनी छापता येई. स्वरलिपीचं पुस्तक महाग, हे पुस्तक स्वस्त. त्यामुळे वेल्समधले खाणकामगारही घरी पुस्तक नेऊन चार आवाजांतली, म्हणजे चार वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी गायची, गीतं बसवू लागले. मिशनऱ्यांबरोबर ती दक्षिण आफ्रिकेत गेली. तिथे योहान्सबर्गजवळच्या मिशन शाळेतला शिक्षक ईनॉक सोंटोंगा याने १८९७ साली एक प्रार्थनागीत रचलं, ते याच अक्षरांत लिहून ठेवलं. आज ते दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग आहे.

तर ही सगळी हत्यारं तयार होती. कोदाय १९२७पासून इंग्लंडला जाऊ लागला, तिथले गायनवृंद त्याने ऐकले आणि ही हत्यारं घेऊन आला. वर्गात त्यांचा वापर कसा करायचा याचं पुस्तकसुद्धा त्याने लिहिलं नाही. ते १९४४ साली त्याचा शिष्य आणि सहकारी येनो आदाम याने लिहिलं. मग कोदायने केलं काय?

त्याने आधी गाणी गोळा केली. आणि हे मुलांसाठी काही करायच्या पुष्कळ आधी, जवळजवळ वीस वर्षं आधी. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. लहानपण गालान्ता या गावात गेलं, ते आता स्लोव्हाकियात आहे. १९०५ साली तो त्याच भागात पाठीवर पिशवी टाकून गाणी टिपायला निघाला. पुढच्या वर्षी लोकगीतांच्या कडव्यांच्या रचनेवर त्याने डॉक्टरेट मिळवली. बेला विकार नावाच्या गृहस्थाने त्याआधीच एडिसनच्या फोनोग्राफवर मेणाच्या नळकांड्यांत खेड्यातले आवाज पकडून ठेवले होते, त्यांचा त्याला उपयोग झाला. मग बेला बार्तोक हा दुसरा हंगेरियन संगीतकार त्याला येऊन मिळाला. १९०६मध्ये दोघांनी मिळून वीस गाणी पियानोच्या साथीसह छापली. विक्री अगदीच बेताची. बुडापेस्टच्या शिकलेल्या लोकांना ही गाणी नको होती. त्यांच्या घरी जर्मन गाणी, आणि हॉटेलात जिप्सी बँड जे वाजवत तेच आपलं लोकसंगीत, अशी त्यांची समजूत.

१९२५च्या सुमाराची एक हकीकत सांगतात. बुडाच्या डोंगरांत सहलीला आलेल्या मुली गात चालल्या होत्या आणि कोदायने ते ऐकलं. मुली अध्यापक विद्यालयाच्या, म्हणजे उद्याच्या मास्तरणी. आणि गाणी अशी टाकाऊ, की तो हादरला. त्याच सुमाराला एक चांगली गोष्टही घडली. ‘साल्मुस’मध्ये मुलांचा आवाज घातला होता आणि एन्द्रे बोरुश नावाच्या शाळाशिक्षकाने आपली मुलं तयार करून आणली होती. मुलं काय गाऊ शकतात ते कोदायच्या कानाला कळलं. त्याच वर्षी त्याने मुलांच्या वृंदासाठी पहिली दोन गाणी लिहिली, दोन्ही लोकगीतांवरची.

माझ्या मते त्याचं खरं काम हे आहे. मुठी आणि बोटं दुय्यम. मुलाच्या तोंडात कुठलं गाणं द्यायचं, हा प्रश्न त्याने देशातल्या सर्वांत मोठ्या संगीतकाराच्या पातळीवर आणून ठेवला. बार्तोकही मग १९३५मध्ये मुलांच्या आणि स्त्रियांच्या आवाजांसाठी सत्तावीस गाणी लिहायला बसला. आपल्याकडे बालगीत म्हटलं की संगीतकार डाव्या हाताने चाल लावून मोकळा होतो. सगळेच नाही, पण बरेच.

आता एक आक्षेप. हा मी इतक्या वेळा ऐकलाय की इथेच निकालात काढतो. ‘आपलं संगीत एकसुरी. अभंग सगळे एकाच स्वरात म्हणतात, दिंडीत शंभर जण असले तरी चाल एकच. वृंदगान हा युरोपचा, चर्चचा प्रकार, आपल्याला तो मानवायचा नाही.’ ऐकायला पटतं. पण हंगेरीचं खेड्यातलं गाणंही एकसुरीच होतं! शेतकरी बाया दोन आवाजांत गात नव्हत्या. जुन्या चाली पाच स्वरांच्या, वरून खाली उतरणाऱ्या. पहिली ओळ वर म्हणायची आणि तीच पुढे पाच स्वर खाली. स्वरमेळ हा प्रकार त्या चालींत नव्हताच. कोदायने तो बाहेरून चिकटवला नाही. त्या चालींचं वळण ओळखून, त्यांना पेलेल असा दुसरा आवाज शोधला. त्यात त्याची वर्षं गेली. आपल्याकडे सलील चौधरींनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत बॉम्बे यूथ क्वायर उभा करून लोकचालींवर अशी खटपट केली होती. ती रीत पुढे शाळांपर्यंत पोचली नाही, एवढंच.

त्या पाच स्वरांबद्दल थोडं. कोदायच्या वर्गात पहिले दोन स्वर म्हणजे ‘सो’ आणि ‘मी’, आपल्या भाषेत प आणि ग. लहान मूल कुणाला हाक मारतं तेव्हा जो उतार येतो तोच हा. मग ध, मग सा, रे. म आणि नी सगळ्यांत शेवटी, कारण ग-म आणि नी-सा यांमधलं अर्ध्या स्वराचं अंतर लहान गळ्याला नेमकं साधत नाही. म्हणजे पहिली काही वर्षं मूल सा रे ग प ध यांतच गातं. हे ऐकून तुमच्यापैकी शास्त्रीय शिकलेल्यांच्या चेहऱ्यावर हसू येणार, कारण हा आपला भूप राग. आपणही अनेक विद्यार्थ्यांना भूपानेच सुरुवात करून देतो.

दुसरी गोष्ट पियानोची. गाण्याच्या तासाला पियानो वाजवू नये, असं कोदायचं ठाम मत होतं. पियानोच्या पट्ट्या समान अंतरांनी जुळवलेल्या असतात, त्यांतले गांधार-धैवत नैसर्गिक नसतात. त्याच्यावर कान तयार झाला तर वृंद कधी शुद्ध सुरात येणार नाही. मग सूर तपासायचा कशावर? दुसऱ्या माणसाच्या आवाजावर. १९४१मध्ये त्याने दोन आवाजांचे छोटे-छोटे धडे छापले. एक जण स्वर धरून ठेवतो, दुसरा हलतो, दोघांचं जुळलं की लगेच कळतं. यात साहित्य काहीच लागत नाही, दोन मुलं पुरतात. पेटीबद्दल आपल्याकडे हाच वाद झाला. आकाशवाणीने १९४०पासून तीसेक वर्षं पेटीवर बंदीच घातली होती. आपण तानपुऱ्यावर सूर लावतो, म्हणजे ही गोष्ट आपल्याला मुळात ठाऊक आहे. तरी शाळेच्या समूहगान स्पर्धेत सिंथेसायझरचा आवाज मोठा करून मुलांना त्याच्या वर ओरडायला लावतो. परीक्षकांनो, निदान एक गुण बिनसाथीच्या गाण्याला ठेवा.

१९५० साली केच्केमेत या कोदायच्या जन्मगावी पहिली गाणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. तिची सूत्रं मार्ता नेमेस्सेगी या शिक्षिकेच्या हातात होती. रोज गाण्याचा तास, जसा गणिताचा. पुढच्या दीडेक दशकात अशा शाळा शंभराच्या वर गेल्या. १९६४मध्ये संगीतशिक्षणाची जागतिक परिषद बुडापेस्टमध्ये भरली, आणि पाहुण्यांनी सामान्य घरांतली मुलं पाटीवरचे स्वर पाहून थेट दोन आवाजांत गाताना ऐकली. तिथून जगभर ‘कोदाय मेथड’ हे नाव झालं. माणूस तोवर ऐंशीच्या पुढे गेला होता; १९६७मध्ये वारला. हे सगळं साम्यवादी सरकारच्या अमलात झालं, हेही लपवायला नको. सरकारला सामूहिक गाणं हवंच होतं, आपल्या कारणांसाठी. कोदायने त्या संधीचा फायदा घेतला. पुढे वेळापत्रकातल्या त्या तासांना कात्री लागली तशी त्या शाळांची संख्याही घटली. पद्धत उत्तम असून भागत नाही, रोजचा तास मिळावा लागतो.

आपल्याकडे याला समांतर माणूस कोण, असं मला विचारतात. विष्णू दिगंबर पलुस्करांचं नाव येतं आणि ते बरोबरच आहे. १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाणं घराण्याच्या उंबऱ्याबाहेर आणलं, वर्गात बसवलं, क्रमिक पुस्तकं छापली. पण त्यांचं साहित्य रागाचं आणि भजनाचं. जात्यावरच्या बाईचं गाणं त्यात आलं नाही. आपल्याकडे ते गोळा झालं ते मुख्यतः शब्दांपुरतं. सरोजिनी बाबरांनी लोकगीतांचे खंडच्या खंड काढले, त्या कामाला तोड नाही, पण त्यांत भर शब्दांवर, चालींवर नाही. नंतर गी पॉतवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. त्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. भोंडल्याची गाणीही अजून म्हणणाऱ्या बायका आहेत. तीन-चार स्वरांच्या चाली, फेर धरून म्हणायच्या, पहिलीच्या मुलाला सहज झेपतील अशा.

या सगळ्या चाली स्वरलिपीत लिहून काढायचं काम पडून आहे. कुठल्या ओवीला दुसरा आवाज मानवेल आणि कुठल्या ओवीला लावूच नये, हे त्यानंतरच कळेल. चहा झाल्यावर ज्यांना वेळ असेल त्यांनी थांबा. मुळशीकडच्या दोन ओव्यांचं ध्वनिमुद्रण आणलंय, तानपुरा जुळलेला आहे. एकीने सा धरायचा आणि बाकीच्यांनी चाल म्हणायची, एवढंच आज करून पाहू.