शिंगं मोडून वासरांत

(सांगलीतल्या एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, लहान मुलांचे व्हिडिओ गेम. ते म्हणाले, वा, म्हणजे मोबाइलच्या व्यसनावर बोलणार. मी म्हटलं, नाही, मी स्वतः ते गेम खेळते, त्याबद्दल बोलणार आहे. पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "ताई, म्हणजे शिंगं मोडून वासरांत!" आजच्या व्याख्यानाचं नाव तिथंच ठरलं.

मी एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे. सत्तावीस वर्षं झाली. कुणाचा हप्ता किती तारखेचा चुकला, त्यावर दंड किती, नोटीस पोचली का, यात माझा दिवस जातो. आमच्याकडे चुकीला माफी नसते आणि नसावीच, कारण पैसा ठेवीदारांचा असतो. पण दिवसभर चुका मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी काय हवंसं वाटतं, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

ते कळलं २०१९ च्या महापुरात. तुम्हा सगळ्यांना तो ऑगस्ट आठवत असेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. गावभागात आमच्या खालच्या मजल्यात पाणी शिरलं आणि आम्ही हाताला लागलं तेवढं घेऊन मिरजेला बहिणीकडे गेलो. अकरा दिवस तिथं होतो. माझी भाची तेव्हा सात वर्षांची. टीव्हीवर दिवसरात्र पाणीच दिसत होतं. ब्रह्मनाळला बोट उलटली, ती बातमी तिनं आमच्या आधी ऐकली. त्यानंतर ती न्हाणीघरातल्या भरलेल्या बादलीजवळसुद्धा जाईना.

रात्री तिला झोप नाही, मलाही नाही. तिच्या बाबांनी लॅपटॉपवर एक जुना गेम घालून ठेवला होता, 'पजामा सॅम'. १९९६ चा. सॅम नावाच्या मुलाला अंधाराची भीती वाटते, म्हणून तो पाठीवर झग्यासारखं कापड बांधून कपाटात शिरतो. अंधाराला पकडून डब्यात बंद करायचं म्हणतो. कपाटाच्या आत एक आख्खं जग आहे. त्या जगात नदीकाठी ओटो नावाची एक होडी आहे. होडी, पण पाण्याला घाबरते. पाण्यात उतरलो तर बुडू, असं तिला वाटतं. सॅम सांगतो, अरे, तू लाकडाचा आहेस, लाकूड तरंगतं. ओटोला ते पटत नाही. नुसतं सांगून कुणाची भीती गेली आहे?

गेम इंग्रजीत. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगत होते. भाची म्हणाली, "मावशी, आपण त्याला दाखवू या ना." मग आम्ही दोघी त्या जगभर लाकडाची एक फळी शोधत हिंडलो. रात्रीचा दीड वाजला असेल. फळी सापडली, परत नदीकाठी आलो, भाचीनं माउस दाबला, फळी पाण्यात पडली. तरंगली. ओटो बघत राहिला आणि मग त्यानं सॅमला पाठीवर घेतलं. भाचीनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

सकाळी उठून बघते, तर पोरगी बादलीपाशी उकिडवी बसलेली. पाण्यात लाटणं टाकलं होतं. बोटानं खाली दाबायची, सोडायची, ते वर यायचं, ती पुन्हा दाबायची.

ही गोष्ट मी भाचीसाठी खेळले म्हणून सांगितली असं वाटेल. तसं नाही. ती त्या रात्री झोपली, आणि मी एकटी पुढं खेळत बसले. घरात किती गाळ असेल, कपाटातली कागदपत्रं राहिली असतील का, हा घोर तीन तास बाजूला राहिला. शेवटी सॅमला अंधार भेटतो तेव्हा कळतं की तो बिचारा एकटा आहे, त्याला खेळायला कुणी नाही. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, पहाटे साडेचारला पडद्यासमोर रडले. त्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

तेव्हापासून मी हे गेम खेळते, आणि ते कुणी, कसे केले हे शोधत गेले. त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं, ते जरा सविस्तर सांगते.

नव्वदच्या सुमारास आपल्याकडे टीव्ही गेम आले. कॅसेट घालायची आणि खेळायचं. आमच्या गल्लीत एकाकडे होता, सुट्टीत पोरं रांग लावायची. मला दोनदाच खेळायला मिळालं. दोन्ही वेळा मिनिटभरात तिन्ही लाइफ गेल्या आणि मागून "आउट, आउट, उठ!" असा गलका झाला. या तीन लाइफ आल्या कुठून? सुरुवातीचे गेम दुकानांत, नाणं टाकून खेळायच्या मशीनवर होते. खेळणारा लवकर मेला तर दुसरं नाणं पडणार. म्हणजे मरण हा धंद्याचा हिशेब होता. गेम घरच्या टीव्हीवर आले, नाणं गेलं, पण मरण तसंच राहिलं. सगळ्यांना वाटायला लागलं, हरल्याशिवाय खेळ कसला!

ते काही लोकांना पटलं नाही. रॉन गिल्बर्ट हा त्यांतला एक. त्याचा १९९० चा 'मंकी आयलंड' हा मोठ्यांचा गेम. खेळणाऱ्याला उगाच मारायचं नाही, हे त्यानं त्यात मनाशी धरलं होतं. त्याचा नायक पाण्याखाली दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. त्याहून जास्त वेळ तुम्ही नुसते बसून राहिलात तरच तो बुडतो. याच गिल्बर्टनं १९९२ मध्ये शेली डे यांच्याबरोबर ह्यूमंगस एंटरटेनमेंट ही लहान मुलांच्या गेमची कंपनी काढली. 'पट-पट' ही जांभळी मोटार, 'फ्रेडी फिश' ही मासोळी, नंतर आपला सॅम, सगळे तिथले. यांत कुणी मरत नाही, वेळ संपत नाही, गुण कापले जात नाहीत. मग खेळायला उरतं काय? उरतं ते बघणं. रस्त्याकडेच्या पत्रपेटीवर क्लिक करा, तिच्यातून काहीतरी बाहेर येतं. फुलावर करा, ते गातं. त्याचा गोष्टीशी काही संबंध नसतो. कुणीतरी महिनोन्महिने बसून ते फूल हलवलं, त्याला आवाज दिला. का, तर एखादं मूल तिथं बोट लावेल म्हणून. दारापुढच्या रांगोळीत कोपऱ्यातल्या ठिपक्यालाही कुणी रंग भरतं, त्यातली ही माया आहे.

म्हणजे, न हरवणारा खेळ मोठ्यांसाठी सुचला आणि तिथून मुलांकडे गेला. आपण मोठी माणसं तो खेळतो तेव्हा मुलांचं काही हिसकावून घेत नाही.

१९९२ मध्येच जपानात मासाहिरो साकुराई या विशीच्या आतबाहेरच्या मुलानं 'कर्बी' केला, नवख्यालाही शेवटपर्यंत जाता यावं म्हणून. कर्बी हा एक गोळा. हवा गिळून फुगतो आणि उडतो, त्यामुळे खड्ड्याची भीती बरीचशी संपते. पण पुढची गंमत बघा. तो सोपा गेम पूर्ण केला की एक गुपित कळतं, आणि तोच गेम पुन्हा, चांगलाच अवघड होऊन उघडतो. ज्याला शिंगं हवीत, त्याला ती नंतर मिळतात.

आता वयाबद्दल. युरोपात गेमच्या खोक्यावर वयाचा आकडा छापतात. त्यात ३ हा आकडा सगळ्यांत खालचा. त्याचा अर्थ तिसऱ्या वर्षापासून पुढं कुणालाही चालेल असा आहे. तो आकडा खालचं टोक सांगतो. वरचं टोक कुणी छापलेलंच नाही! अमेरिकेत १९९८ पर्यंत अशा गेमवर 'मुलं ते मोठे' अशाच अर्थाची खूण असायची. वरचं टोक आपण मनात छापून घेतलं आहे.

आणि हे वरचं टोक आपल्यात पूर्वीपासून नव्हतं, असं मी ठामपणे म्हणते. श्रावणातली मंगळागौर आठवा. माझी आई साठीची होती. एरवी गुडघे धरून जिना चढायची. पण मंगळागौरीच्या रात्री कोंबडा घालायला उकिडवी बसली की तिला कुणी आवरू शकत नसे. झिम्मा, पिंगा, गाठोडं, किस बाई किस. यांतला कुठला खेळ मोठ्या माणसाला शोभणारा आहे? साताऱ्याच्या बाजूला, तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं उभं रिंगण होतं. तिथं पांढऱ्या मिशांचे वारकरी एकमेकांचे हात धरून गरगर फुगडी घालतात. तुकोबांनी विटीदांडूवर, चेंडूफळीवर, हमामावर अभंग रचले. आणि आपलं हे गाव, जिथं १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं, तिथं नाटकाच्या प्रयोगाला आजही 'खेळ' म्हणतात. आपल्या भाषेनं खेळ हा शब्द मुलांच्या नावावर कधी केलाच नव्हता. मंगळागौर आता कार्यालयात, साड्यांच्या रंगासकट, बक्षिसं लावून होते. घरातल्या मोठ्या माणसाला विनाकारण खेळायला जी एक रात्र होती, ती आपण घालवली.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये ती थोडी परत आली होती. नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' घराघरांत पोचला, आजोबा सोंगटी मारल्याबद्दल नातवाशी भांडले. तेव्हा कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत, कारण सगळेच वासरांत होते.

दोन गोष्टींबाबत मात्र मी कडक आहे. मुलांचे म्हणून मिळणारे मोबाइलवरचे कित्येक फुकट गेम खेळ नाहीतच. दर दोन मिनिटांनी जाहिरात, रडवेला चेहरा करून 'हे विकत घे' म्हणणारं मांजर. २०१४ मध्ये अमेरिकेत ॲपलला, मुलांनी आईवडिलांना न विचारता केलेल्या असल्या खरेदीचे किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत द्यायचं मान्य करावं लागलं. आपलं मूल काय खेळतं, ते कळायचं असेल तर शेजारी उभं राहून बघू नका. एक तास स्वतः खेळा, तुमचंच डोकं उठेल. दुसरी गोष्ट, ज्या गेममध्ये अनोळखी मुलं ऑनलाइन जमतात, तिथं मोठ्या माणसानं जायचं नाही. मी म्हणते ते गेम एका पडद्यावरचे, आपले आपण किंवा आपल्या घरच्या मुलाला शेजारी घेऊन खेळायचे.

म्हणीकडे परत येते. जनावराला शिंगं असतात ती टक्कर द्यायला. मला ती दिवसभर लागतात, थकबाकीदारांसमोर बसताना तर लागतातच. ती मोडायची गरज नाही. रात्री तासभर त्यांचा उपयोग नसतो, इतकंच.

सॅम तीस वर्षांचा होत आला तरी चालतो, याचं श्रेय मोठ्या माणसांनाच आहे. जुने गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा स्कमव्हीएम नावाचा मोफत प्रोग्रॅम २००१ पासून जगभरचे हौशी लोक आपला वेळ घालून सांभाळत आले आहेत.

भाची आता चौदाची आहे. तिला हे गेम बाळबोध वाटतात, आणि त्या वयात ते वाटायलाच हवेत. तिनं तो लॅपटॉप मला देऊन टाकला आहे.

तो आज मी आणला आहे. मागच्या टेबलावर ठेवलाय, पट-पट लावून. माउस एकच आहे, तेव्हा दोघा-दोघांनी बसा. पहिल्याच चित्रात सगळीकडे क्लिक करून बघा; घाईनं पुढच्या रस्त्याला लागू नका. चहा येईपर्यंत वीस मिनिटं आहेत.